डाव्या हाताची देवी

टांकसाळीत एकतीस वर्षं मी ठसे कोरले.
फाटकावर रोज झडती. चपला काढायच्या, डबा उघडायचा;
एकदा तर हवालदार शिंगाड्यांनी
पोळीची घडीसुद्धा उलगडून पाहिली.
त्यामुळे अजूनही कुणी हातात नाणं ठेवून म्हणालं,
‘बसा, निवांत बघा’
की माझा दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो,
तो रिकामा आहे ना, बघायला.

दुबाशांचं दुकान फाउंटनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून फ्लोराची पाठ दिसते.
रोमची फुलांची देवी, दगडाची,
दीडशेच्या वर वर्षं इथे उभी,
ना नवस, ना नारळ,
टॅक्सीवाल्यांना खूण म्हणून तेवढी उपयोगी.
‘हिच्या माहेरचं कुणी आलंय,’ दुबाश म्हणाले,
आणि फ्लॅनेलच्या तुकड्यावर ठेवलं
काशाचं एक नाणं,
शेवाळलेल्या विहिरीच्या रंगाचं.

एका बाजूला सम्राट. त्याचं नाक शाबूत,
म्हणून किंमत एवढी.
दुसऱ्या बाजूला बाई. डोक्यावरून पदर,
समोर वेदी, वेदीवर तीन ठिपक्यांचा जाळ,
आणि उजव्या हातातल्या ताटलीतून
ती काहीतरी सोडतेय त्यात.
दारू असेल. तूप नसेल.
पण मनगटाचा तो बाक मी ओळखतो,
पळीतलं पाणी ताम्हनात सोडताना
वडिलांच्या मनगटाला यायचा.

‘भक्ती,’ दुबाश म्हणाले. ‘त्यांच्यात भक्ती हीच देवी.
तशी शांती, तशी आशा. प्रत्येकीचं देऊळ, प्रत्येकीचं नाणं.’
मी म्हटलं, भक्ती नि आशा आमच्याच मजल्यावर राहायच्या,
नळावर भांडायच्या.

मग भिंग लावलं, आणि मला तू दिसलास.
देवी नाही. तू.
कडेच्या लेखात एक अक्षर गाळलंयस.
जागा संपली असेल, किंवा उजेड.
माझंही झालं होतं, एका बँकेच्या शताब्दी-पदकावर.
पोलादावर सगळं उलटं कोरायचं,
तिथे ऱ्हस्वाची दीर्घ कधी होते, कळत नाही.
ठशावर फुली मारली, मेमो आला.
तुझं सुटलं. बाजारात गेलं,
कांद्यांना गेलं, न्हाव्याला गेलं,
कुणी वाचलंच नाही.

एक सांगू?
लोकांना ती सुलटी मिळाली,
उजव्या हाताने ओतणारी, रीतीला धरून.
आपल्याला देव भेटतो तो खड्ड्यासारखा,
नाकाच्या जागी खळगा,
आणि डावखुरा.
आई म्हणायची, डाव्या हाताने नैवेद्य दाखवू नये.
मी तिला कधी बोललो नाही
की माझ्याकडच्या सगळ्याच देव्या
तसाच दाखवतात.

निघताना दुबाशांनी त्यातलंच एक झिजकं दिलं,
तीनशे रुपयांत. सम्राटाचा चेहराच गेलेला,
गिऱ्हाइकाला ते नको असतं.
बाई होती मात्र, अंधुक,
रोजच्या आंघोळीने कुलदेवीचा जुना टाक
होतो ना, तशी.

घरी कुमुद कणीक मळत होती.
मी एक गोळी घेतली, नाणं दाबलं, उचललं.
पुसटच, पण उठली:
डाव्या हाताने ओतणारी, ओली, खोलगट,
तुला शेवटची दिसली असेल तशी,
ठसा हातोडेवाल्याकडे देण्याआधी.

‘अहो, कळकेल ना ती!’
खरं होतं तिचं. पितळ काय, कांसं काय.
गोळी तिने गजांबाहेर ठेवून दिली.
दिवेलागणीला मुंग्या आल्या.
मी चष्मा लावून बघत बसलो.
वेदीपासून सुरुवात केली होती त्यांनी.